नावाखालची जागा

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून माझ्या वहिनीला स्वतःची कबर दिसायची. भांडी घासायला उभं राहिलं की समोर रस्ता, रस्त्यापलीकडे दफनभूमीची बुटकी भिंत आणि भिंतीला लागून माझ्या दादाचा दगड. वर उठावाचा क्रूस. डावीकडे दादाचं नाव आणि जन्म-मरणाची सालं, उजवीकडे वहिनीचं नाव आणि एकच साल. त्यापुढे एक आडवी रेघ, आणि रेघेपुढची नि खालची जागा मोकळी.

आम्ही कबरींचे दगड घडवणारी माणसं, आणि ही आमच्या घरातली रीत. नवरा-बायकोतलं एक गेलं की दगडावर दोघांची नावं कोरायची, मागाहून फक्त साल घालायचं. साठी उलटलेल्यांना यात गैर वाटत नाही, उलट जागेची काळजी मिटली म्हणून बरंच वाटतं. पण दादा तापाने गेला तेव्हा वहिनी जेमतेम तिशीत होती. बाबांनी कुणाला काही विचारलं नाही. कारखान्याला आतून कडी लावून बसले आणि दगड पुरा करूनच बाहेर आले. त्या वेळी त्यांच्यापुढे तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती.

आमची एक लांबची आत्या डोळ्यांनी अधू. तिने एकदा दोन्ही नावांपुढे फुलं ठेवली, वहिनीसाठी चार आसवं गाळली आणि पाणी प्यायला आमच्याकडे आली. दार उघडलं वहिनीनेच. आत्या मटकन खालीच बसली. आम्ही पोट धरधरून हसलो, वहिनीसुद्धा हसली. मग ती बराच वेळ भांडी आपटत राहिली.

बाबांचे हात थरथरायला लागले तसं अक्षरं आखायचं आणि कोरायचं काम वहिनीकडे आलं. बाबा गिऱ्हाइकांशी बोलायचे. गेलेलं माणूस कसं होतं, हे खोदून खोदून विचारायचे आणि त्यावरून चिन्ह ठरवायचे. तान्ह्या लेकरासाठी कोकरू. पिकल्या वयात गेलेल्यासाठी गव्हाची ओंबी. ज्याने सगळं सोसून आशा सोडली नाही, त्याला जहाजाचा नांगर. क्रूस मात्र सगळ्यांना. क्रूसावर येशूची मूर्ती का नाही, असं कुणी विचारलं की बाबा खुलायचे.

"मूर्ती लावतात तेही बरोबरच," ते म्हणायचे. "त्याने काय सोसलं ते विसरू नये म्हणून लावतात. आमच्याकडे क्रूस रिकामा, कारण तो आता तिथे नाही. माणसं मारायचं लाकूड होतं हो ते. पण त्याला काही ते धरून ठेवू शकलं नाही."

हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. वहिनी शेजारीच छिन्नी चालवत असायची, आणि कारखान्याच्या खिडकीतूनही समोर तिचं नाव.

दगडांचा ट्रक घेऊन येणाऱ्या माणसाला आम्ही गप्पिष्ट म्हणायचो, कारण तो चकार शब्द बोलायचा नाही. हळूहळू त्याला आमच्याकडे दगड उतरवायला अर्धा अर्धा दिवस लागायला लागला. मी काय ते ओळखलं. बाबांनीही ओळखलं असणार, पण ते मूग गिळून बसले. शेवटी एकदा गप्पिष्ट वहिनीला म्हणाला, "याल का माझ्या घरी?" एवढंच. वहिनी हो म्हणाली आणि त्या दिवशी कोरताना चक्क गुणगुणत होती.

मग गप्पिष्टाची आई आली. विधवा सून चालेल म्हणाली, वय चालेल म्हणाली. पण जाताना दफनभूमीत डोकावली आणि तशीच परत आमच्या दारात येऊन उभी राहिली.

"नाव दुसऱ्याच्या कबरीवर आणि संसार माझ्या पोराशी?" ती म्हणाली. "आधी ते नाव उतरवा. मग तारीख धरू."

"कोरलेलं नाव निघत नाही," बाबा म्हणाले.

तसं ते खोटं नव्हतं. अक्षर खोडायचं तर दगडाचं सगळं तोंड अक्षरांच्या तळापर्यंत घासून काढावं लागतं. म्हणजे दादाचं नावही जाणार आणि क्रूसही.

गप्पिष्टाची आई गेल्यावर वहिनी म्हणाली, "बाबा, वरून खोल नक्षी कोरली की खालची अक्षरं तिच्यात जिरतात. आपण चुका झाकतो त्या तशाच."

"तुझं नाव म्हणजे काय चूक आहे?"

"त्या जागी चूकच आहे."

बाबा उठून बाहेर गेले. त्यानंतर त्या विषयाला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. गप्पिष्ट यायचा, दगड उतरवायचा आणि मान खाली घालून निघून जायचा. त्याच्या आईने दुसरीकडे बघायला सुरुवात केल्याचं कानावर आलं. मला बाबांचा असा राग यायचा की त्यांचा चहा मी मुद्दाम गार करून द्यायचे.

"ती रेघ दिसली ना, की आत कोंडून घातल्यासारखं होतं गं," वहिनी एकदा मला म्हणाली. "वाटतं, मी कधी येते म्हणून कुणीतरी तिथे ताटकळत बसलंय." मी खिडकीला पडदा लावला. तिने तो काढून टाकला. म्हणाली, दिसत नसलं की ते जास्तच दिसतं.

आणि एक दिवस बाबा नेहमीसारखे एका गिऱ्हाइकाला रिकाम्या क्रूसाचा अर्थ समजावत होते. वहिनीने छिन्नी खाली ठेवली.

"बाबा, ज्याला खिळे ठोकले होते त्यालासुद्धा लोकांनी खाली उतरवलं," ती म्हणाली. "मला कधी उतरवणार?"

गिऱ्हाईक कावरंबावरं होऊन निघून गेलं. बाबांनी हातातल्या फडक्याची घडी घातली.

"तो एकटा आहे तिथे," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत दादाबद्दल ते पहिल्यांदा बोलत होते. माझा राग कुठल्या कुठे गेला. वहिनीने तोंडाला पदर लावला. पण तिने शब्द मागे घेतले नाहीत, आणि ते तिने बरं केलं.

दुसऱ्या दिवशी बाबा हत्यारं घेऊन रस्ता ओलांडून गेले. वहिनी मदतीला निघाली, तर नको म्हणाले. तसल्या थरथरत्या हातांनी ते रोज थोडं थोडं कोरत होते आणि आम्ही दोघी खिडकीतून बघत होतो. पुरं झाल्यावर त्यांनी आम्हाला बोलावलं. वहिनीच्या नावावरून द्राक्षाचा वेल गेला होता. नाव, साल, रेघ, सगळं पानांत बुडालं होतं. कुठे कुठे छिन्नी सटकली होती, पण वेल जिवंत वाटत होता.

"वेल का, बाबा?" मी विचारलं.

"लांब गेला तरी बुंध्यापासून तुटत नाही, म्हणून."

वहिनी वेलावरून बोटं फिरवत खाली आली आणि थांबली. वेलाखाली एक पट्टी बाबांनी कोरी सोडली होती, घासून गुळगुळीत केलेली.

"थोडी जागा ठेवलीय," बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले. "तिकडे नाहीच जमलं, तर असू दे."

मी कपाळाला हात लावला. दार उघडायचं आणि फटीत पाय घालून ठेवायचा, असले आमचे बाबा. वहिनीने बाबांच्या हातातून हातोडी आणि छिन्नी घेतली आणि दगडापुढे मांडी घातली. आखणी न करताच ती कोरायला लागली. आमची आई दफनभूमीच्या जुन्या भागात आहे आणि तिच्या शेजारी जागा उरलेली नाही, म्हणून रीत मोडून तिच्या दगडावर तिचं एकटीचंच नाव आहे. बाबांची जागा कुठे, हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलंच नव्हतं.

वहिनीने बारीक अक्षरांत बाबांचं नाव कोरलं, त्यांचं जन्मसाल कोरलं, पुढे रेघ ओढली आणि दगडावरची धूळ फुंकली.

"आता तो एकटा नाही," ती म्हणाली.

बाबा वाकले. स्वतःच्या नावावरून त्यांनी अंगठा फिरवला, अक्षर न् अक्षर तपासलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"रेघ जरा लांब आलीय," ते म्हणाले.

"असू दे लांब," वहिनी म्हणाली. "पुढचं साल घालायला मीच येईन. पण घाई करू नका."