ठिबक पद्धतीचं इंटरनेट

आमच्या पालमच्या ऑफिसात इंटरनेट ठिबक पद्धतीनं आलं. हसू नका, गंभीरपणे सांगतो आहे.

काकू गेल्यापासून बोरीचे काका बोलतच नव्हते. ज्यानं बोरीच्या शेताशेतात ठिबकच्या नळ्या अंथरल्या, तो माणूस! आम्ही त्यांना आमच्याकडं पालमला आणलं, तर दिवसभर फाटकाकडं बघत बसायचे. ताट वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर मागायचे नाहीत. आम्हाला भीती वाटायला लागली होती. अशात मी विम्याच्या कामाचं छोटं ऑफिस काढलं. तिथं नेटच्या नि फोनच्या वायरी टाकायचा विषय निघाला, तर काका एकदम म्हणाले, "मी टाकतो की!"

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. (अर्थ: नाही म्हणून तर बघा!)

"लय सोपं हाय काका," मी म्हणालो. "कोपऱ्यातला डबा म्हणजे मोटर समजा. तिथून मेन लाईन काढायची, अन् टेबलाटेबलाला नेट सोडायचं."

"मंग ड्रिपच की रे!"

"तेच, तेच!" एवढं ज्ञान देऊन मी उद्घाटनाची आमंत्रणं द्यायला निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले. पाहुण्यांसमोर मी ऐटीत कॉम्प्युटर लावला. नेट नाही. फोन उचलला. तोही मुका! एकूण एक टेबल कोरडं.

वायरमनला बोलावलं. तो भिंतीकडेनं सरकत गेला आणि मध्येच मटकन खाली बसला.

"साहेब, वायरीला भोकं कोनी पाडली?"

प्रत्येक टेबलापाशी केबलला ठिबकच्या नळ्यांना भोकं पाडायच्या पंचनं पाडलेलं गोल, सुबक भोक होतं. त्यात त्या टेबलाची वायर घट्ट खोचलेली. शेवटचं टोक दुमडून सुतळीनं आवळलेलं. (नेट वाया जायला नको!)

पाहुणे हसायला लागले. काका दाराशी उभे होते. आजच्यासाठी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांचा चेहरा पुन्हा फाटकाकडं बघतानाचा होत चालला, आणि मला ते बघवेना.

"मी पाडली," मी म्हणालो.

"तुमी?"

"हो. म्हटलं, सगळीकडं सारखं पडंल."

अख्खं ऑफिस खदखदून हसलं. काका माझ्याकडं बघत राहिले. मग पुढं आले आणि कडाडले, "येड्या, वायरीला कुनी भोकं पाडतं का? नळी हाय का ती? मला इचारायचं तरी! मी काय मेलो होतो का?"

शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज चिरकला. माझे डोळे भरून आले, पण लोकांना वाटलं, शिव्या खाऊन आले.

वायरमननं सगळ्या वायरी नव्यानं टाकल्या. देखरेखीला अर्थात काका!

आता ते रोज सकाळी ऑफिसात येऊन बसतात आणि येईल त्या गिऱ्हाइकाला माझ्या भोकांची हकीकत सांगतात. दर खेपेला भोकं वाढतात. परवा एक म्हातारबा निघताना त्यांचा हात धरून म्हणाले, "तुमी हाव म्हणून बरं. न्हाईतर ह्या पोराचं कसं झालं असतं?"

"त्याच्यासाठीच तर जगायलोय," काका म्हणाले आणि माझ्या वाटणीचा चहाही पिऊन टाकला.

आपल्या मूर्खपणाचा घराला एवढा उपयोग होतो, हे आधी ठाऊक असतं तर मी फार पूर्वीच सुरुवात केली असती. बायको म्हणते, केली होतीच!