आप्पांनी घेतलेला बॅकअप

यंत्रांचा इतका मान राखणारा आणि यंत्रांकडून इतका अपमान करून घेणारा माणूस आमच्या घरमालकांखेरीज अख्ख्या बेळगाव जिल्ह्यात दुसरा निघायचा नाही. वडगावात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी अकरा वर्षं भाड्यानं राहिलो. खाली त्यांचे चार यंत्रमाग, वर मी. खडखडाटाची इतकी सवय झाली होती की वीज गेली, माग थांबले की माझी दुपारची झोप मोडायची. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची, म्हणून मीही आप्पाच म्हणायचो. आप्पांच्या मते यंत्र कधी बिघडत नाही, ते रुसतं. मिक्सर बंद पडला तर ते त्याला दोन दिवस फडताळात एकटं ठेवत, 'इचार करू दे' म्हणून. पंप पाणी ओढेनासा झाला की पाट मांडून त्याच्याशेजारी बसत, स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून डोळे मिटत. एकदा माझी स्कूटर सुरू होईना. आप्पांनी पंधरा मिनिटं तिच्या काळजाचे ठोके ऐकले आणि गंभीरपणे म्हणाले, "कशाचा तरी लई राग आलाय हिला, सर." टाकीत पेट्रोल नव्हतं. मी झाकण उघडून दाखवलं तर जराही न ओशाळता म्हणाले, "मग? उपाशी ठेवल्यावर राग येनारच की!"

दुसरा त्यांचा हट्ट म्हणजे प्रत्येक वस्तू एकच ठेवायची. एक छत्री, एक चष्मा, एक घड्याळ. दुसरी आणणं म्हणजे पहिलीला तोंडावर 'तू मरणार' असं सांगण्यासारखं आहे, असं ते म्हणत. घराच्या कुलपालासुद्धा किल्ली एकच. दोन केल्या की माणूस बेफिकीर होतो आणि दोन्ही हरवतो, हा त्यांचा सिद्धान्त. एका रविवारी ते आणि काकू, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, बाहेर निघाले, आप्पांनी कुलूप खटकन दाबून बसवलं आणि किल्ली आत देवळीत राहिली. अख्खी दुपार दोघं माझ्या गॅलरीत बसून होते. काकू दर पाच मिनिटांनी वाकून खालच्या कुलपाकडं बघत होत्या. शेवटी आप्पाच म्हणाले, "हरवली काय? न्हाय. कुटं हाय ते नक्की म्हायती हाय न्हवं? मग!" संध्याकाळी खिडकीचे गज कापावे लागले.

पण हा माणूस साडीचे काठ काढायला बसला की त्याच्यापुढं हात जोडावेत. तरुणपणापासून त्यांनी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं एकेक चौकोन भरून काठ रचले होते: कोयऱ्या, चिंचेची पानं, आणि सगळ्यांत गाजलेला, जोंधळ्याच्या कणसांचा. त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची आणि ती भोकं वाचून माग काठ विणायचा. पुढं मागांना कॉम्प्युटर आला. निपाणीला दिलेली त्यांची मुलगी तिथल्या शाळेत क्लार्क आहे. तिनं मे महिन्याच्या सुट्टीत येऊन सगळे कागद स्कॅन केले, कॉम्प्युटरवर काठ तयार करायला वडिलांना शिकवलं आणि सगळं ठेवायला बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क आणून दिली. काळी, पत्त्यांच्या दोन जोडांएवढी. ती निपाणीला पोचते न पोचते तोच आप्पांनी सगळे कागद आणि पुठ्ठे रद्दीवाल्याला देऊन टाकले. येकच वस्तू दोन जागी कशाला?

मुलीला हे कळल्यावर फोनवर जे झालं ते वरच्या मजल्यावर मला विनासायास ऐकू आलं. शेवटी तिनं बजावलं, "आप्पा, निदान बॅकअप तरी घ्या. म्हंजे आनि येक कॉपी." आप्पांनी तिच्या शब्दाखातर आयुष्यातला पहिला तत्त्वभंग केला. आठवड्यानं तिनं विचारलं, "घेतलासा बॅकअप?"

"घेतला गं."

"कुटं ठेवलाय?"

"त्याच काळ्या डब्यात. शेजारी शेजारी असलेलं बरं, येकमेकांवर लक्ष ऱ्हातंय."

तिकडून फोन आपटला गेला. आप्पांना वाटलं, रेंज गेली.

त्यानंतर दीड वर्षानं निपाणीच्या एका दुकानदाराचा निरोप आला. लग्नघरासाठी चाळीस साड्या हव्या होत्या, काठ जोंधळ्याचाच हवा होता, मुदत सहा आठवडे. आप्पांच्या चार मागांपैकी दोन केव्हाच धूळ खात होते आणि उरलेले दोन पावसाळ्याआधी भंगारात घालायचे, असं ते काकूंजवळ बोलूनही चुकले होते. त्या निरोपानं माणूस दहा वर्षांनी तरुण झाला. नवा सदरा घालून त्यांनी डिस्क कॉम्प्युटरला जोडली. डिस्क म्हणाली, टिक्. मग थांबून पुन्हा, टिक्.

"सर, जरा खाली या," आप्पांनी हाक मारली. मी शाळेत मराठी शिकवतो, पण माझ्याकडं लॅपटॉप असल्यामुळं गल्लीत मी तज्ज्ञ होतो. गेलो तर स्क्रूड्रायव्हर डिस्कवर टेकवून, मूठ कानाला लावून आप्पा बसलेले. "धोटा अडकलाय आत," ते म्हणाले. मी म्हटलं, आप्पा, हा माग नाही, ह्यात इकडून तिकडं धावणारा धोटा नसतो. "मग टिकटिकतंय काय?" मी केबल बदलली, जोडायचं भोक बदललं, शेवटी माझ्या लॅपटॉपला लावून पाहिली. पडद्यावर पाटी आली: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का?

"किती अदबीनं इचारतंय बगा," आप्पा भारावून म्हणाले. "व्हय म्हनू काय?" मी त्यांचा हात वरच्यावर धरला. फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून टाकणं, हे समजावल्यावर त्यांनी लॅपटॉपकडं असं पाहिलं, की जणू गोड बोलून घरात शिरलेला भामटाच तो. पुढचे दोन दिवस उपचार चालले. डिस्क उन्हात ठेवून झाली. कुणीतरी सांगितलं म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीजमध्ये ताकाच्या तांब्याशेजारी ठेवून झाली. मागाला घालायच्या तेलाची बुधली घेऊन ते निघाले होते, ती मी जिन्यात हिसकावून घेतली.

शेवटी शहरातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकान चालवणाऱ्या बाईंनी डिस्क कानाशी धरली. त्यासरशी आप्पांच्या डोळ्यांत त्यांच्याबद्दल आदर दाटला. मग बाईंनी ती उघडून दाखवली. आतल्या आरशासारख्या तबकडीवर गोल ओरखडा उठला होता. ह्यातून आता कुणालाच काही काढता येणार नाही, त्यांनी कन्नडमधून सांगितलं आणि विचारलं, "बॅकअप इल्लेन्री?" बॅकअप नाही का?

आप्पा ताठ मानेनं म्हणाले, "ऐत्री. अदराग ऐत्री." आहे की. त्यातच आहे.

बाईंनी हातातला स्क्रूड्रायव्हर हळूच खाली ठेवला. हसल्या नाहीत, ह्याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. कारण उत्तर देऊन झाल्यावरच आपण काय बोललो ते आप्पांना कळलं. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला होता. त्याआधी मी त्यांना कधी कठडा धरताना पाहिलं नव्हतं.

चार दिवस माग बंद. ह्या माणसाची चेष्टा करण्यात माझी इतकी वर्षं मजेत गेली होती, पण त्या चार दिवसांत वर पावलांचा आवाज करायचीही मला लाज वाटायची. पाचव्या दिवशी मला त्यांच्याकडं जेवायला बोलावलं होतं. काकू वाढत होत्या आणि आप्पा मान खाली घालून भाकरी मोडत होते. आमटी वाढायला काकू वाकल्या, तशी आप्पांची नजर त्यांच्या पदरावर गेली. "हलू नगंस!" ते ओरडले. काकूंना वाटलं, अंगावर पाल पडली. आमटी माझ्या पानाबाहेर गेली. आप्पांनी खरकट्या हातानंच पदर धरला. "सर, ह्यो माझा चिंचपानाचा काठ! तुमी शोधा आता डिस्कात!"

मग उलगडा झाला. नवा काठ मागावर चढवला की पहिली साडी हमखास चुकीची निघायची. ती विकता यायची नाही म्हणून काकूंना मिळायची. "तीस वर्सं ह्यांच्या चुकाच नेसतोय मी," काकू म्हणाल्या आणि त्यांनी ट्रंक ओढून उघडली. आत एकोणीस चुका घडी घालून ठेवल्या होत्या. जोंधळा मात्र नव्हता. तो त्यांनी बहिणीला देऊन टाकला होता, सांबऱ्याला.

त्या दिवसापासून आप्पा, मी आणि माझी स्कूटर जुन्या गिऱ्हाइकांच्या दारोदार बायकांच्या साड्या बघत हिंडू लागलो. हे वाक्य लिहायला सोपं आहे. खासबागेत एका घरी आप्पांनी नमस्कार न करताच भिंग काढलं आणि दार उघडणाऱ्या बाईंच्या पदरावर धरलं. मागून त्यांचे यजमान आले आणि आम्हांला फाटकापर्यंत पोचवून गेले. कंग्राळीत एका म्हातारीनं आप्पांची साडी वाकळीत शिवून टाकली होती. धागे मोजायला आप्पा वाकळीवर पालथे पडले, तशी म्हातारी म्हणाली, "झोपायचं आसंल तर च्या पिऊन झोप की बाबा."

सांबऱ्याला पोचलो तर जोंधळ्याच्या साडीची झोळी केलेली, आणि झोळीत काकूंच्या बहिणीचा चार महिन्यांचा नातू झोपलेला. त्याच्या आईनं ओठांवर बोट ठेवलं. "आत्ताच झोपलंय. उठवलासा तर तुमीच झोपवायचं." आम्ही भिंतीला टेकून बसलो. तास गेला. विमानतळावर उतरणारं विमान कौलांवरून गर्जत गेलं, माझे दात वाजले, पण पोरगं हललं नाही. आप्पांना मात्र राहवेना. झोळीजवळ उकिडवे बसून ते भिंगातून धागे मोजू लागले, मागावरच्या सवयीनं कन्नडमध्ये, "ओंदु, एरडु, मूरु..." चाळीसच्या आसपास पोरानं डोळे उघडले आणि भिंगामागचा तो प्रचंड डोळा पाहिला.

असा टाहो मी जन्मात ऐकला नव्हता. आईनं बोलल्याप्रमाणं मूल आप्पांच्या हातात दिलं आणि झोळी सोडून साडी मला दिली. मी काठाचे फोटो घेतले. आप्पा मुलाला घेऊन अंगणात येरझाऱ्या घालू लागले. गाणं येत नाही म्हणून तोंडानं मागाचा आवाज काढू लागले, "खटक् खटाक्, खटक् खटाक्." मूल आधी थक्क झालं, मग त्यांच्या खांद्यावर झोपलं. परतायची वेळ झाली तरी आप्पा ते खाली ठेवीनात.

फोटोंवरून आप्पांनी काठ पुन्हा कॉम्प्युटरवर भरला आणि साड्या मुदतीत गेल्या. बारा साड्या उतरल्यावर आप्पांच्या ध्यानात आलं, की आपण पहिल्या साडीतली चूकही नेटानं उतरवली आहे. प्रत्येक सहावं कणीस डावीकडं वाकडं. त्यांनी कपाळावर हात मारला. काकू मात्र अशा हसल्या, की पदर तोंडात धरावा लागला. "असू देत की. माझ्यासारक्या चाळीस जनी होऊ देत!" दुकानदाराला तो वाऱ्यावर डुलणारा जोंधळा वाटला आणि त्यानं आणखी साड्या मागवल्या. भंगारवाला पावसाळ्याआधी आला आणि नुसता चहा पिऊन गेला.

एकंदर सदतीस काठ सापडले. मुलीनं त्यांच्या प्रती तीन ठिकाणी ठेवल्या. बाकीचे गेले. त्यातला एक मोराच्या पिसाचा होता. तो कसा होता हे आप्पांनाच आठवत नाही. "चांगला हुता," एवढंच म्हणतात आणि पेन्सिल कागदावर तशीच धरून बसतात.

गेल्या वर्षी माझी बदली निपाणीला झाली. परवा बसस्टँडवर पुढच्या फलाटावर एक बाई उभ्या होत्या. साडी विटलेली, पण काठावर पिसासारखं काही दिसलं. मी धावलो, तोवर त्या बसमध्ये चढल्या आणि बस सुटली. तिथूनच आप्पांना फोन लावला. आवाज आता खोल गेलाय त्यांचा. काठाचा रंग विचारला, पिसाचा डोळा उभा की आडवा ते विचारलं. फोटो काढता आला नाही, आप्पा, मी म्हटलं, चुकलंच माझं.

त्यांनी एवढंच विचारलं, "नेसत्यात न्हवं अजून?"

"हो," मी म्हटलं. "चांगल्या चापूनचोपून नेसल्या होत्या."

"मग असू दे," आप्पा म्हणाले. "जाऊ दे त्यास्नी."