शिकाऊ मुलगी

माझ्या आईच्या छातीचा एक्स-रे काढायचा होता. खोकल्यामुळे तिला श्वास रोखता येईना, म्हणून पहिला फोटो हलला. एक्स-रे तंत्रज्ञाचा कोर्स करणारी शिकाऊ मुलगी गोंधळून मशीनची बटणं पाहू लागली.

"मशीन ठीक आहे. आजींकडे बघ," तिच्या मॅडम हळूच म्हणाल्या.

मुलीने आईला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. "आजी, घाई नाही. आधी खोकून घ्या." मग काचेआडून तिने "आता श्वास रोखा" म्हटलं आणि नकळत स्वतःचाही रोखला. फोटो स्वच्छ आला.

माणसाच्या आत बघायला आधी त्याच्याजवळ जावं लागतं, हे कुठल्या तासाला शिकवत असतील?

निघताना मुलगी ओशाळून म्हणाली, "त्रास झाला ना आजी? मी शिकतेय अजून."

आईने तिच्या गालावरून हात फिरवला. "शिकलीस की गं."