ताशेवाल्याचे कान

तू जळगावला नेमकं काय शिकतेस, असं गावात विचारलं की मला अजूनही पटकन उत्तर देता येत नाही. डॉक्टर नाही, नर्स नाही, मास्तरीण म्हणावं तर तेही अर्धंच खरं. ज्यांना ऐकू येत नाही किंवा कमी येतं त्यांचे कान तपासायचे, कानाच्या मापाचा साचा घ्यायचा, यंत्र बसवायचं, लहान मुलांना बोलायला नाहीतर हातांनी सांगायला शिकवायचं, आणि घरच्यांना त्यांच्याशी कसं बोलायचं ते समजावायचं. एवढं सांगून होईपर्यंत विचारणारा दुसरीकडे बघायला लागतो. शेजारच्या अक्कांनी मात्र सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे कानसनी मिस्तरीण." कानांची मिस्तरीण; मला ते आवडलं. पण मोठ्याने तसं सांगायचं धाडस होत नाही.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही. आमचं गाव नरडाण्याच्या बाजूला आहे. वडील धुळ्याच्या एका बँडमध्ये ताशा वाजवतात, मला आठवतं तेव्हापासून. त्यांना आम्ही आबा म्हणतो. लग्नसराई आणि जयंतीच्या मिरवणुका संपल्या की ते शेतमजुरीला जातात, पण कुणी विचारलं तर स्वतःला ताशेवालाच म्हणवून घेतात.

आबांना कमी ऐकू येतं हे आम्हाला कळलंच नव्हतं. आम्हाला वाटायचं, ते लक्ष देत नाहीत. आई चुलीपासून काहीतरी विचारायची आणि ते भलतंच उत्तर द्यायचे, किंवा नुसतं हसायचे. मग ती म्हणायची, "तुमना कानमाच बँड बठेल शे." सगळे हसायचे, आबासुद्धा. दुसऱ्या वर्षाला आमच्या मॅडमनी वर्गात शिकवलं की वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम करणाऱ्या माणसाला आवाज येतो पण शब्द नीट कळत नाहीत. बारीक, उंच आवाज आधी जातात. आणि बरेच जण ते हसण्यावारी नेऊन लपवतात. त्या तासाला मी मान खाली घालून बसले होते. मॅडम जणू आमच्याच घरातलं सांगत होत्या.

त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत घरी गेले तर आबा गप्प गप्प होते. आईने सांगितलं ते असं. मागच्या सराईत एका वरातीत क्लॅरिनेटवाल्याने गाणं बदललं. सगळा बँड वळला आणि आबा एकटेच जुन्याच ठेक्यावर राहिले. नाचणारी पोरं थांबली आणि हसायला लागली. हे एकदाच झालं असतं तर चाललं असतं, पण तसं नव्हतं. बँडचे मास्तर आबांचे जुने सोबती. त्यांनी तोंडावर सांगितलं, कान तपासून ये. कान चांगले असतील तर ताशा तुझाच, नाहीतर यंदा तू जनरेटरची गाडी ढकल. तुळशीचं लग्न लागलं की सराई सुरू होणार होती.

आबांनी मला काही विचारलं नाही. सुटी संपवून मी निघाले तेव्हा ते पांढरा सदरा घालून एसटी स्टँडवर माझ्यासोबत उभे होते, एवढंच. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, तरी आम्ही फारसं बोललो नाही. एसटीच्या खडखडाटात त्यांना माझं बोलणं कळणार नाही हे मला आता माहीत होतं. आणि मला ते माहीत आहे हे बहुतेक त्यांनाही कळलं होतं.

जळगावला आमच्या कॉलेजच्या तपासणी केंद्रात एक छोटी खोली आहे, जाड दाराची, आतून स्पंजसारख्या पट्ट्या लावलेली. माणूस आत बसतो, कानांवर हेडफोन. तपासणारा बाहेर काचेपलीकडे यंत्रापाशी. यंत्रातून बारीकशी शीळ सोडायची, ऐकू आली की आतल्या माणसाने बोट वर करायचं, आणि मग आवाज कमी कमी करत न्यायचा. शेजारच्या खोलीत मॅडमकडे एक लहान मूल रडत होतं. त्या म्हणाल्या, "तू सुरू कर, मी नंतर येऊन बघते."

मी आबांना समोर बसवून समजावलं. त्यांनी मान डोलावली. दार लावलं. चुकू नये म्हणून मी मनाशी एक-दोन-तीन म्हणत बटण दाबत गेले. आबांचं बोट वर आलं. आवाज कमी केला, तरी वर आलं. अजून कमी केला, तरी आलं. उंच शिळेलासुद्धा, जी त्यांना येणार नाही अशी मला भीती होती, बोट अगदी वेळेवर वर. मला इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. वर्गातलं ते सगळं दुसऱ्या कुणाच्या घरचं होतं तर!

मग माझं लक्ष त्यांच्या पायाकडे गेलं. चपलेतला अंगठा हलत होता.

पुढच्या वेळी मी बटण दाबलंच नाही. नुसती बसून राहिले. काचेपलीकडे, जिथे शीळ यायला हवी होती बरोबर तिथे, आबांचं बोट वर आलं.

मी सारख्या अंतराने शीळ सोडत होते आणि आबांनी तो ठेका पकडला होता. शिळा सोडताना अंतर कमीजास्त ठेवा, असं आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं असतं. इतरांच्या तपासणीत मी ते कधी विसरले नव्हते. आबा मुद्दाम फसवत होते का? मला तसं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्यांचा चेहरा एखादं काम मन लावून करणाऱ्या माणसासारखा होता.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कधी लगेच, कधी खूप थांबून. आबांचं बोट अडखळायला लागलं. चुकीच्या जागी वर यायचं, अर्ध्यातून खाली जायचं. त्यांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. शेवटी शेवटी उंच शिळांना बोट मांडीवरच पडून राहिलं. मॅडम आल्या, त्यांनी स्वतः एकदा तपासून घेतलं. उत्तर तेच आलं.

आबा बाहेर आले आणि सदरा सारखा करत म्हणाले, "पास व्हयनू ना?"

अशी गोष्ट कशी सांगायची ते आम्हाला शिकवतात. समोर बसा, तोंडावर उजेड येऊ द्या, ओरडू नका, सावकाश बोला, खोटा धीर देऊ नका. परक्या माणसांना मी तसं सांगितलं होतं. आबांसमोर खुर्ची ओढली, बसले. मग म्हणाले, "आबा, जाड आवाज येतात तुम्हाला. ढोल येतो. क्लॅरिनेट नाही येत."

त्यांनी बोट वर करून दाखवलं.

"माले तं आवाज येतच व्हता," ते म्हणाले.

"तो ठेका होता, आबा. आवाज नव्हता."

त्यांनी वाद घातला नाही. नुसतं विचारलं, "मंग आते गाडी लोटू का?"

मॅडमनी यंत्राबद्दल सांगितलं. घरात, दुकानात, बसमध्ये त्याचा उपयोग होईल, पण बँडच्या गोंगाटात ते घालायचं नाही; तिथे उलट कानात बोळे घालायचे, म्हणजे आहे तेवढं तरी टिकेल. आबा ऐकत होते, किंवा ऐकल्यासारखं करत होते. मला मात्र दुसरंच सुचत होतं. आम्ही आयांना सांगतो, मुलाला हाक मारण्याआधी खांद्याला हात लावा, दिसेल असं काहीतरी करा. कान कमी पडतात तिथे डोळ्यांना काम द्यायचं. मग बँडमध्ये ते का चालू नये?

पुढच्या रविवारी मी धुळ्याला गेले. बँडचा सराव संध्याकाळी एका मोकळ्या जागेत चालतो; आबाही तिथे आले होते. मास्तरांच्या हातात मी तपासणीचा कागद दिला. त्यांनी त्यावरची, उंच आवाजांकडे उतरत गेलेली रेघ पाहिली आणि काही न विचारताच समजले. मी घाबरत घाबरत म्हणाले की क्लॅरिनेटवाले भाऊ पुढे तोंड करून वाजवतात, आबांना मागून नुसती पाठ दिसते. गाणं वळवण्याआधी त्यांनी डावं कोपर उचललं तर आबांना दिसेल. आणि आबांना स्पीकरच्या ट्रॉलीपुढे उभं करू नका.

मास्तर म्हणाले, "कालेजमा आते बँड बी शिकाडतस का?"

पोरं हसली. क्लॅरिनेटवाले म्हणाले की कोपर उचललं तर सूर हलेल. आबा मात्र ताशा गळ्यात अडकवून रांगेत जाऊन उभे राहिले होते. वाजवून बघू, असं मास्तर म्हणाले, बहुतेक मला परत पाठवायला अवघड वाटलं म्हणून.

पहिल्यांदा क्लॅरिनेटवाले विसरलेच. बँड वळला आणि आबा मागे राहिले. कुणीतरी खांद्यावरून त्यांच्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघत होते. दुसऱ्यांदा कोपर वर गेलं, पण फार उशिरा. तिसऱ्यांदा ते वेळेवर गेलं, कोंबड्याने पंख झाडावा तसं, आणि आबांच्या काड्या बँडच्या बरोबर नव्या ठेक्यावर पडल्या. सूर थोडासा हलला. मास्तरांनी तेच गाणं पुन्हा घ्यायला लावलं, आणि पुन्हा.

सराव संपल्यावर त्यांनी आबांना खांद्याला हात लावून आपल्याकडे वळवलं. हे त्यांना मी सांगितलेलं नव्हतं. मग तोंडासमोर तोंड आणून म्हणाले, "ट्रॉलीपासून लांब उभा राहत जाय." आबांनी मान हलवली. गाडी कुणी ढकलायची हा विषय निघाला नाही.

मला कागद परत देताना मास्तर हळूच म्हणाले, "मना कान बी एकदाव दखी दे." आणि लगेच इकडेतिकडे पाहिलं.

ते महिनाभराने जळगावला आले, आबांना सोबत घेऊन. आबांच्या कानात यंत्र होतं, त्याला अजून सरावले नसल्यामुळे सारखा हात लावून बघत होते. मी मास्तरांना आत बसवलं, हेडफोन लावले आणि सांगितलं की ठेका धरायचा नाही.

"मंग काय धरू?" ते म्हणाले.

आबा दारातच उभे होते. म्हणाले, "काही धरू नको. आयकू ऊनं तरच बोट वर कर."

मी दार लावलं. आबा माझ्या शेजारी काचेपाशी येऊन बसले, आणि मास्तरांच्या पायाच्या अंगठ्यावर नजर ठेवून राहिले.