देवाच्या नावाची पहिली ओळ

आता माझी फजिती ऐकायचीच असेल तर ऐका, पण चहाचा कप आधी खाली ठेवा. शर्टावर सांडला तर मी जबाबदार नाही!

घाटनांदूरला आमचं कापडाचं दुकान. फोनची तार दुकानात आणि घरातला एकुलता एक कॉम्प्युटर रस्त्यापलीकडे, घरी. त्या वर्षी दुकानात इंटरनेट आलं. मी बिनतारी डबी बसवली, तिला पासवर्डाचं कुलूप घातलं, हार घातला. मग संध्याकाळी गच्चीवर जाऊन नुसता बघत बसलो. ज्वारीवरून येणाऱ्या वाऱ्यात आपलं इंटरनेट तरंगत असेल, कुणाला न दिसता! काय सुख वाटलं म्हणून सांगू!

पण ते घरात काही शिरेना.

कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. अंबाजोगाईच्या माझ्या मित्रानं, सत्यानं, सीडी फुकट दिली होती. नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड एका फाईलीत हातानं लिहायचे, एवढंच काम. आणि घाई कसली? ताईला अमेरिकेत मुलगी झाली होती. तिचा पहिला फोटो ईमेलमध्ये येऊन पडला होता, आणि आई सकाळपासून इरकल नेसून पडद्यासमोर बसली होती.

"आली का रं नात?"

"येतीय, येतीय!"

कसली येतीय! मशीन म्हणे, पहिली ओळ चूक. पासवर्ड पुन्हा लिहिला. चूक! डबीचा हार काढला, बायकोनंच फाईलीत काही दाबलं असेल असा संशय घेतला. शेवटी फाईल पुसली आणि अगदी भक्तिभावानं नव्यानं लिहिली. तर आता पहिली चूक आणि दुसरीही चूक. दुखणं वाढतच चाललं की हो!

मोबाइलवरून सत्याला गाठलं.

"पहिली ओळ वाच बे."

मी नेटवर्कपासून पासवर्डापर्यंत सगळं वाचलं.

"बरोबर हाय की! मग बोंबलतंय कावून?"

आई पडद्याकडे बोट करून म्हणाली, "आन् वरच्या त्या दोन ओळी कशाच्या?"

"आई, त्या ओळी न्हाईत. तो देव हाय."

मग सत्या हळूच म्हणाला, "कोण हाय?"

"श्री वैजनाथ प्रसन्न. अन् नव्यानं लिहिताना खाली श्री गणेशाय नमः पण घातलं."

आता तुम्हीच सांगा, आमच्याकडे किराण्याच्या यादीवरसुद्धा आधी देव लिहितात. देवाची ओळ कधी कुणी मोजतं का? मशीन मोजतं, हे मला काय ठाऊक!

"खोड ते!"

"देव खोडू? आईसमोर?"

"मग दोन्ही ओळींआधी हॅश टाक, ते # असं जाळीचं चिन्ह. तसली ओळ मशीन वाचतच न्हाई."

टाकला. आणि लागलं की नेट!

फोटो वरून खाली हळूहळू उतरू लागला. टोपडं, कपाळ, मिटलेले डोळे. एवढं आभाळ ओलांडून पोर आमच्या ओसरीत येत होती. मला रडूच आलं.

आईनं कानशिलावर बोटं मोडली. फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"नाक मामावर गेलंय."

मी असा फुललो!

तेवढ्यात तिनं हात जोडले. "वैजनाथा, आता नाकावरच थांब रं बाबा!"