पाणीसुद्धा नाही

पुंजाराम भिंती रंगवायचा. पातूरच्या आसपासच्या गावांत आरोग्याची जी वाक्यं भिंतींवर दिसतात, त्यांतली बरीचशी त्याच्या हातची. आधी भिंत खरवडायची, चुन्याचे दोन हात द्यायचे, ते पुरते वाळू द्यायचे. मग निळीत बुडवलेला दोरा ताणून रेघ मारायची आणि त्यानंतरच कुंचला उचलायचा. ओल्या भिंतीवर लिहिणाऱ्याला तो कारागीर मानत नसे.

दोन वर्षांमागच्या मे महिन्यात तो गावातल्या शाळेच्या भिंतीवर लिहीत होता : ‘सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध. पाणीसुद्धा नाही.’

शाळेसमोरच्या हापशीवर पाणी भरणाऱ्या बाया हसल्या. “पुंजारामभाऊ, या उन्हात तुमीच राहून पाहा बिनपान्याचे, मंग लिवा!”

“सांगतलं ते लिवतो, बाई. मले त्यातलं काय समजते?”

त्यालाही ते पटलं नव्हतंच. अकोल्याकडचं ऊन, आणि लेकराच्या जिभेला थेंब नाही!

सून हर्षा तान्ह्या मुलीला घेऊन नुकतीच माहेराहून आली होती. पुंजाराम घरी पोचला तेव्हा त्याची बायको माणिकबाई नातीला वाटीतलं पाणी कापसाच्या बोळ्यानं पाजत होती. त्यानं पाहिलं आणि तो हात धुवायला गेला.

पोरीला जुलाब लागले. माणिकबाईनं पाणी वाढवलं. अकोल्याला नेताना ऑटोतच, हर्षाच्या मांडीवर, ती गेली.

“वरचं काय पाजत होता?” डॉक्टरनं विचारलं.

“पानीच फक्त,” माणिकबाई म्हणाली.

डॉक्टरनं कागदावर ‘पाणी’ लिहिलं आणि खाली रेघ ओढली. पुंजाराम नखांत अडकलेला रंग पाहत राहिला.

ते वाक्य त्यानं नंतर कितीतरी गावांत लिहिलं. घरात मात्र तोंडातून काढलं नाही. बाळंतिणीच्या खोलीकडे सासरा फिरकत नाही, एवढं कारण त्याला पुरत होतं.

यंदाच्या एप्रिलमध्ये हर्षाला मुलगा झाला, तो सासरीच. भर दुपारी पोर रडायला लागलं तशी माणिकबाई वाटी घेऊन निघाली. पुंजाराम उठला आणि खोलीच्या उंबऱ्यात आडवा बसला.

“वाटी ठेव.”

“काहून? पोराचं तोंड सुकून राहिलं. आन् तुमी इथं काहून बसले?”

“पानी द्याचं नाही. भितीवर लिवतो मी.”

“भितीवर तं तुमी बिडीचीबी जाहिरात लिवता! मंग बिडी पाजू काय त्याले?”

“पयली याच वाटीनं गेली,” तो म्हणाला.

माणिकबाईनं वाटी खाली ठेवली. पदराआडून हर्षाचा आवाज आला. सासऱ्याशी ती कधी थेट बोलली नव्हती.

“मामाजी, तवा ठाऊक होतं तुमाले?”

“लिवत होतो. मानत नवतो.”

आत पोर रडतच होतं. पुंजाराम उठला, माठातून लोटा भरून आणला आणि उंबऱ्याच्या आत सरकवला.

“पानी तू पी. त्याले आंगावर घे.”

हर्षा सगळा लोटा प्यायली. पोराला पदराखाली घेतलं. थोड्या वेळानं रडणं थांबलं.

त्यानंतर ती पुंजारामशी बोलली नाही. लोटा रिकामा झाला की उंबऱ्यापाशी आणून आपटायची. तो उठायचा, लोटा घासायचा, भरून ठेवायचा आणि परत तिथंच बसायचा. माणिकबाईची वाटी त्यानं स्वतःच्या खिशात ठेवली होती.