लांडग्यांचं गणगोत आणि आम्ही

आमच्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत. गोळा करावी लागते ती लांडग्याची विष्ठा. किस्से तिला चिकटून येतात!

मी मूळची खाडीकाठच्या बेलापूरची. प्राणिशास्त्र शिकले आणि नगर जिल्ह्यातल्या माळांवर येऊन पडले. विष्ठा उचलायची, लॅबला पाठवायची, आणि डीएनएवरून कुठला लांडगा कुणाचा कोण ते शोधायचं. राहुरीकडे धरण, कालवे, ऊस. खर्ड्याकडे कोरडा माळ. या दोन मुलखांतले लांडगे अजून एकमेकांत मिसळतात, की मधल्या उसाने, कालव्याने आणि हायवेने त्यांची ताटातूट केलीय, हा आमचा प्रश्न.

घरी पाहुणे आले की आई सांगते, "लॅबमध्ये असते ती."

मीही ते खोडून काढत नाही.

*

टीममध्ये आम्ही तिघं. वैजयंती मॅडम, मी, आणि जीपचे ड्रायव्हर शामुवेलकाका. काका चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारे. जीप सुरू करण्याआधी टोपी काढून मोठ्याने प्रार्थना करतात. प्रवास सुखाचा होवो, टायर टिको, वगैरे. मॅडम देवाधर्माच्या वाटेला न जाणाऱ्या. तेवढा वेळ त्या खिडकीबाहेर बघत बसतात.

एकदा सगळा आठवडा माळ तुडवला, हाती काहीच नाही. सगळा अभ्यास अडकून पडलेला. त्या सकाळी काकांनी टोपी काढली, डोळे मिटले.

"हे प्रभू, तू रानातल्या समद्या जीवांना पोसतोस. लांडग्यांनाबी पोसतोस. आज त्यांचं पोट साफ होऊ दे."

"आमेन!"

सगळ्यात मोठा आवाज मॅडमचा होता.

*

नमुने स्पिरिटच्या बाटल्यांत भरून, थर्माकोलच्या खोक्यात घालून कुरिअरने जातात. एकदा काउंटरवर नवीन माणूस होता.

"आत काय हाय?"

"लांडग्याची विष्ठा."

त्याने मान वर केली. "ताई, खरं सांगा."

"खरंच तीच आहे."

"कुनाला पाठवताय?"

"एका शास्त्रज्ञांना."

त्याने खोकं हळूच स्वतःपासून लांब सरकवलं. मग पुढे वाकून आवाज खाली आणला.

"त्यांनी तुमचं काय वाकडं केलंय?"

*

खर्ड्याच्या बाजूला एका गावात मॅडमनी बैठक घेतली. देवळाच्या मंडपात गाव जमलं. मॅडम बोलतात छान. त्यांनी समजावून सांगितलं की लांडग्यांची टोळी एकाच माळावर कोंडली गेली, बाहेरचा जोडीदार आलाच नाही, की नात्यातच जुळतं. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं की वाण कमजोर होतं.

पुढे बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "नात्यात म्हंजी कसं?"

"म्हणजे सख्खे तर आहेतच. शिवाय चुलत, आते-मामे..."

बायकांच्या बाजूला पदराआडून खुसखुस सुरू झाली. सरपंचांना खोकला आला. सरपंचीणबाई उठून उभ्या राहिल्या.

"मॅडम, मी ह्यांच्या सख्ख्या मामाची पोरगी. आमची समदी पोरं धडधाकट हायेत!"

मॅडमनी घाईघाईने विषय पुढे नेला. "तरणा लांडगा जोडीदार शोधायला लांब जातो. पण ऊस, कालवा, रस्ता आडवा आला की त्याला वाट मिळत नाही. तो जागीच अडकतो. एकटा राहतो."

मागच्या खांबाला टेकून तिशीतला एक जण उभा होता. तो म्हणाला, "आमचंबी तसंच हाय. हितं पानी न्हाई म्हनून पोरगी देईना कुनी."

"मी समजू शकते," मॅडम म्हणाल्या.

"समजून काय उपेग? लांडग्यासाठी जीप आली!"

निघताना खिडकीतून दोन बायोडेटा आत आले. मॅडमनी ते गुपचूप पर्समध्ये ठेवले.

*

एकदा लॅबचा रिपोर्ट आला. बाकीचे नमुने लांडग्यांचे, काही कुत्र्यांचे. ते चालायचंच. एकापुढे लिहिलं होतं, 'माणूस'.

मॅडम भडकल्या. "किती वेळा सांगितलंय, हातमोजे घाला! उघड्या हाताने उचललं की आपलाच डीएनए लागतो. हा कुणी उचलला?"

काका जीपच्या टपाकडे बघायला लागले. मी बुटांकडे.

टपाकडे बघतच काका म्हणाले, "मॅडम, तुमी धरून चालताय की त्यो उचलनाराचा हाय. टाकनाराचाबी असंल की."

आम्ही प्रत्येक नमुन्याचा जागेवर फोटो काढतो. मॅडमनी मोबाईलवर तो फोटो उघडला. मोठा करून पाहिला. आडवा करून पाहिला.

मग मोबाईल उपडा ठेवून त्या म्हणाल्या, "पुढचा नमुना."

*

आणि आता अंबादासभाऊंचा किस्सा.

अंबादासभाऊंचं शेत माळाच्या काठाला. शेजारच्या ओढ्याच्या दरडीत लांडगीने बीळ केलं होतं, आत पिल्लं होती. लॅबमधून कळलं की मादी राहुरीकडच्या गणगोतातली, आणि त्याच बिळापाशी ज्याची विष्ठा मिळाली तो नर खर्ड्याकडचा! म्हणजे हा पठ्ठ्या हायवे, कालवा, ऊस सगळं ओलांडून आला होता. दोन्हीकडचं रक्त एकत्र आलेलं आम्हाला सापडलेलं हे पहिलंच बीळ. त्या दिवशी जीपमध्ये मॅडम चक्क गुणगुणत होत्या. काकांना काळजी वाटायला लागली.

पोचलो तर बिळासमोर अंबादासभाऊ उभे. पुढ्यात वाळलेल्या तुराट्यांचा ढीग, हातात काडेपेटी. त्याच पहाटे लांडगीने त्यांची गाभण शेळी नेली होती.

मॅडमनी सगळं सांगून पाहिलं. रक्त, वाण, दोन मुलूख. शेवटी हात जोडले. "भाऊ, अशी पिल्लं सगळ्या भागात एवढीच आहेत हो."

"माझी शेळीबी येवढीच हुती."

मॅडम पुढे गेल्या आणि बिळाच्या तोंडाशी मांडी घालून बसल्या.

"उठा, मॅडम."

"नाही."

"धूर व्हईल."

"होऊ दे."

आतून कुंईकुंई ऐकू येत होतं. ऊन चढत गेलं. अंबादासभाऊ आधी उभे होते, मग उकिडवे बसले. काडेपेटी हातातच.

"शेळीला नाव होतं?" मॅडमनी विचारलं.

"चंद्री."

एवढं म्हणाले आणि मग बोलतच सुटले. चंद्रीची आई बाळंतपणात गेली, तेव्हा बायकोने तिला बाटलीने दूध पाजून जगवलं. बायको विहिरीवर गेली की ही मागोमाग. सकाळपासून बायको चुलीपुढे बसून होती, चूल पेटवली नव्हती. मॅडम ऐकत राहिल्या. डीएनएचा शब्द काढला नाही. मध्येच त्यांनी चष्मा पुसला. धूळ फार होती.

ऊन कललं तसे अंबादासभाऊ उठले. काडेपेटी खिशात टाकली. "कांद्याला पानी द्यायचंय," म्हणाले आणि निघून गेले. तुराट्या तिथेच.

"काडेपेटी बरुबर न्हेली त्यांनी," काका हळूच म्हणाले.

मॅडम मात्र म्हणाल्या, "चला, आता आपण इथे बसून राहणं बरं दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी प्रार्थना केली, पण मनातल्या मनात.

बिळापुढच्या तुराट्या गायब होत्या. राख कुठेच नव्हती. आणि बिळाच्या तोंडाशी ॲल्युमिनियमचं एक पातेलं होतं, पाण्याने भरलेलं. भोवतीच्या ओल्या मातीत इवलेइवले पंजे उमटले होते.

अंबादासभाऊ पलीकडे कांद्याच्या वाफ्यात खाली मान घालून पाणी देत होते. मॅडम बांधावर गेल्या.

"भाऊ, तिथे पाणी कुणी ठेवलं?"

"ठिवलं न्हाई. कांदा भिजवत हुतो, सांडलं."

"पातेल्यात?"

"व्हय."